साथ आली की होडीचं काय काय बघायचं

परवा सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी परत नवीन व्हायरसची बातमी टाकली आणि खाली लगेच काढा, वाफ, हळदीचं दूध सुरू झालं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण एकानेही होडीचं विचारलं नाही. नवीन कमिटीतल्या निम्म्या लोकांना तर आपल्याकडे होडी आहे हेच माहीत नसेल, जिन्याखालच्या खोलीत निळ्या ताडपत्रीखाली जे आहे ना, तीच. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय, नंतर मला फोन करू नका.

आधी ती आली कशी ते सांगतो, कारण वर्गणीच्या वेळी प्रत्येक जण विचारतो. ३१ जुलै २०१९, बडोद्यात एका दिवसात वीसेक इंच पाऊस पडला, विश्वामित्री नदी गावात शिरली आणि तिच्याबरोबर मगरी पण. आपल्या खालच्या मजल्यावरच्या लोकांना एनडीआरएफने काढलं, त्यांची सहावी बटालियन इथे जरोदलाच आहे म्हणून निदान लवकर आले, पण अख्ख्या शहराला ते तरी किती पुरणार. मग वर्गणी काढून ही हवा भरायची रबरी होडी आणि एक सेकंडहँड टू-स्ट्रोक मोटर घेतली. एनडीआरएफवाले तिला ओबीएम म्हणतात, म्हणजे आउटबोर्ड मोटर, होडीच्या मागे बाहेरून लावायची, आपणही तेच म्हणायला लागलो. घेतली आणि काही महिन्यांत कोरोना.

तर यादी. मास्क, साबण, ऑक्सिमीटर, गोळ्या हे सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, ते सोडतो.

पहिलं पेट्रोल. साथीची नुसती कुजबुज सुरू झाली, अजून काही बंद झालेलं नाही, त्याच दिवशी मोटरमधलं पेट्रोल काढायचं. टाकीतलं नाही हो, टाकीतलं सगळेच काढतात. कार्ब्युरेटरमधलं, म्हणजे जिथे पेट्रोल हवेत मिसळून इंजिनात जातं तिथलं. मागच्या वेळी नेमकं तेच राहिलं आणि पुढचा सगळा पावसाळा आपण वल्ही मारत काढला. फेब्रुवारीत ट्रायल घेतली, मोटर मस्त चालली, टाळ्या वाजल्या, टाकीचा पाइप तसाच लावलेला ठेवून ताडपत्री टाकली आणि खोलीला कुलूप लावलं. म्हटलं मार्चएंड झाला की परत चालवू. २२ मार्चला थाळ्या वाजवल्या आणि २५ पासून सगळंच बंद, त्या दिवशी गुढीपाडवा होता. किल्ली सी विंगमधल्या काकांकडे, काका पाडव्याला मुलीकडे पुण्याला गेलेले, ते जूनपर्यंत पुण्यातच. आणि कुलूप तोडायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही, कारण होडीला काय धाड भरणार आहे खोलीत बसून.

धाड भरते. जूनमध्ये पिंपात उभी करून दोरी ओढली, चोक ओढला की धरायची आणि चोक सोडला की मरायची, खांदे निघाले सगळ्यांचे. लांबच्या मिस्त्रीला बोलवायची सोय नव्हती, म्हणून मीच कार्ब्युरेटरची खालची वाटी उघडली. आत काकवीसारखा तपकिरी चिकट थर आणि उग्र वार्निशचा वास. पेट्रोलमधलं हलकं असतं ते उडून जातं आणि मागे हा डिंक राहतो, तो जाऊन बसतो स्लो जेटमध्ये, म्हणजे मोटर हळू चालताना पेट्रोल देणाऱ्या बारीक नळीत, तिचं भोक सुईच्या टोकाएवढं. वायरच्या एका तांब्याच्या तारेने ते मोकळं करायला गेलो तर वाटीचं गॅस्केट फाटलं, आणि ते गॅस्केट मिळेना, कारण दुकान मुंबईत आणि कुरियर बंद. एका रबरी चकतीसाठी मोटर पडून राहिली.

आणि आता तर पेट्रोल अजून वाईट झालंय या कामासाठी. तेव्हा इथेनॉल कमी असायचं, २०२२ मध्ये देशभर १० टक्के झालं, आता २० टक्क्यांपर्यंत गेलंय. गाडी रोज चालवणाऱ्याला त्याचं काही नाही, पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की ते दोघं मिळून तळाशी जाऊन बसतात. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, ते राहतं वरच्या पेट्रोलबरोबर. मोटर ओढते तळातून. म्हणजे तुम्ही दोरी ओढताय आणि इंजिनात जातंय बिनऑइलचं पाणचट काहीतरी. त्यात ते पाणी आतल्या पितळ-ॲल्युमिनियमला पण खातं, रबरी पाइप फुगवतं, काय काय सांगू.

म्हणून परत लिहितो, कसं करायचं तेही. मोटर पाण्याच्या पिंपात उभी करायची, चालू करायची, चालू असतानाच टाकीचा पाइप मोटरकडच्या टोकाने काढायचा आणि ती आपोआप बंद पडेपर्यंत थांबायचं, दोनेक मिनिटं लागतात, तेवढा धीर धरा. बंद पडली म्हणजे रिकामी झाली असं समजू नका. वाटीच्या तळाशी एक छोटा स्क्रू आहे, तो सैल करून खाली बाटली धरा, अजून थोडं निघतं. डिंक होतो तो तेवढ्यानेच. मग स्क्रू घट्ट. मग स्पार्क प्लग काढून आत ऑइलचे चार थेंब टाकायचे आणि दोरी दोनदा हळू ओढायची. झालं.

ऑइल आणि पेट्रोल आधीपासून मिसळून ठेवायचं नाही. साधं पेट्रोल छोट्या डब्यात, ऑइलची बाटली वेगळी, मिसळायचं आयत्या वेळी, आपल्या मोटरला लिटरला २० मिली. न मिसळलेलं असलं की महिन्याने ते कुणाच्याही स्कूटरमध्ये ओतता येतं आणि डब्यात ताजं भरता येतं, मिसळलेलं कोण घेणार. आणि डबा मोठा नको, जिन्याखाली पेट्रोलचा साठा करून सोसायटी पेटवायची नाहीये आपल्याला. गॅस्केटचे दोन जोड आणि एक जास्तीचा प्लग मी आणून ठेवलेत, मोटरच्याच खोक्यात आहेत, दुसरीकडे हलवू नका.

किल्ल्या दोन, दोन वेगवेगळ्या विंगमध्ये. एकाच मजल्यावर दोन ठेवल्या तर काय उपयोग, मजलाच सील झाला तर? तेव्हा नागरवाड्यात बघितलं ना, गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकले होते, माझा मामेभाऊ दांडिया बाजारात राहतो, हाकेच्या अंतरावर, पण त्याला दुधाची पिशवी पत्र्यावरून द्यायची वेळ आली. आणि किल्ली ज्याच्याकडे असेल त्याने गावाला जाताना दुसऱ्याकडे द्यायची, मग गाव पुणे असो नाहीतर पाद्रा.

दुसरी चीड आणणारी गोष्ट म्हणजे सॅनिटायझर. २०२० मध्ये फायर ब्रिगेड रस्त्यावर हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीच, मारत होती ते बघून आपल्याकडच्या उत्साही मंडळींनी पंप आणून लिफ्ट, बाकडी, झोपाळा सगळं धुतलं, आणि खोली उघडल्यावर होडी पण. ब्लीचने त्या रबरी कापडाचा वरचा थर खराब होतो, नायलॉनचे दोर कमजोर होतात आणि मोटरच्या धातूला तर नकोच. कोरोनासारख्या व्हायरसचं वरचं आवरण चरबीचं असतं, ते साध्या साबणाने फुटतं. भांड्यांचा साबण, पाणी, मऊ फडकं, बस. आणि जिथे पेट्रोल आहे तिथे अल्कोहोलचा फवारा मारणाऱ्याला मी काय म्हणू.

आमच्या घरी हे फवारे, वाफा नवीन नव्हतं म्हणा. १९९४ मध्ये सुरतेला प्लेग आला तेव्हा तिकडची माणसं रेल्वे भरभरून निघाली आणि बडोदा स्टेशनवर उतरायला लागली. तो व्हायरस नव्हता, बॅक्टेरिया होता, पण घबराट अगदी हीच. टेट्रासायक्लिन दुकानातून गायब. माझी आई रुमालात कापराच्या वड्या बांधून आम्हाला बाहेर पाठवायची, आणि आजी म्हणायची एवढं काय, आमच्या वेळी लोक गाव सोडून शेतात झोपड्या बांधून राहायचे. लॉकडाऊनमध्ये मला ते फार आठवायचं. सकाळी दूरदर्शनवर रामायण संपलं की गच्चीवर कुणी नाही, रस्त्यावर खाण्याची एक हातगाडी नाही, सेव उसळ खाऊन महिने झालेले, आणि खाली नदीकडून मोरांचा आवाज यायचा, जो एरवी ट्रॅफिकमध्ये कधी ऐकू येत नाही. चांगले दिवस होते असं अजिबात म्हणणार नाही, सी विंगमधल्या काकू त्यातच गेल्या. असो.

होडीची हवा. पूर्ण काढून घट्ट घडी करू नका, घडीवर चीर पडते. अर्धी हवा ठेवायची, शंखजिरं फासायचं, जमिनीपासून वर फळीवर ठेवायची. उन्हात तर बिलकुल नाही, मे महिन्यात बडोद्याला ४२-४३ तापमान असतं, सकाळी टम्म भरलेली होडी दुपारी फाटायला येते. उंदीर, त्यांच्यासाठी पिंजरा, विष नको कारण मेलेला उंदीर शोधायला कोण जाणार. दर पंधरवड्याला खोली उघडून बघायचं, तेव्हाच मोटरची दोरी एकदा ओढायची, पेट्रोलशिवाय, नुसती आतली चाकं हलली पाहिजेत. पेट्रोल टाकून चालवायची असेल तर चालवा, पण मग परत वर लिहिलेलं सगळं, पाइप काढणे, बंद पडू देणे, स्क्रू. अर्धवट केलंत तर न केलेलं बरं.

पावसाळ्यात खोलीत पाणी येईल म्हणून होडी बाहेर काढाल तेव्हा पालथी घालायची. हे मी सौंदर्यासाठी सांगत नाहीये. उताणी राहिली की तळात पाणी साचतं आणि आठ-दहा दिवसांत त्यातून डेंग्यूचे डास तयार होऊन उडतात, म्हणजे एका साथीतून वाचायला दारं बंद करून बसायचं आणि दुसरी अंगणात पाळायची. ताडपत्रीच्या खळग्यात पण साचतं, ती तिरकी बांधा. आणि खोलीच्या भिंतीच्या भेगा बुजवून घ्या, २०२४ च्या जुलैमध्ये गुजरातेत चांदिपुरा व्हायरसने लहान मुलं गेली, तो वाळूमाशीतून पसरतो आणि ती माशी अशाच दमट भेगांत राहते. तो सापडला १९६५ साली, नागपूरजवळच्या चांदिपुऱ्यात. सगळेच व्हायरस खोकल्यातून येत नाहीत एवढं लक्षात ठेवा, मास्क लावून भेगा बुजत नाहीत.

लाइफ जॅकेट. यावर वाद नको. १८ जानेवारी २०२४ ला हरणी तलावात सहलीची बोट उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या, बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि बऱ्याच मुलांच्या अंगात जॅकेट नव्हतं. आपल्याच गावात. त्यामुळे जितकी जॅकेटं तितकीच माणसं होडीत, चालवणारा धरून, आणि हे पाणी आल्यावर दारात ठरवायचं नाही, आजच होडीवर रंगाने लिहून टाका. जॅकेटं सावलीत वाळवा, बक्कल लावून ओढून बघा, मुलांच्या मापाची वेगळ्या पिशवीत. साथ असली तरी एकाचं जॅकेट दुसऱ्याने घालायचं असेल तर घालायचं, बुडण्यापेक्षा सर्दी परवडली.

ट्रायल जूनच्या पहिल्या आठवड्यात, पिंपातच. पंख्याच्या वरची आडवी पट्टी बुडेल इतकं पाणी पाहिजे. कोरडी चालवून बघू एक सेकंद असं कुणी म्हटलं तर त्याला घरी पाठवा, आतला पाण्याचा पंप रबरी असतो, जळतो. बाजूने पाण्याची बारीक धार आली पाहिजे, नाही आली तर लगेच बंद. गिअरचं ऑइल दुधासारखं पांढरं दिसलं तर सील गेलंय, कुठल्याही जुन्या चेतक स्कूटरवर हात बसलेल्या मिस्त्रीला दाखवा, टू-स्ट्रोक त्याला कळतं. नदीवर नेऊन ट्रायल घ्यायची हौस नको, मे-जूनमध्ये मगरीची पिल्लं बाहेर येतात आणि आई तिथेच असते. विश्वामित्रीत २०२५ च्या मोजणीत चारशेच्या वर मगरी निघाल्यात. ट्रायल संपली की काय करायचं? पेट्रोल काढायचं. बरोबर. वाटीतलं पण.

पुढचं थोडक्यात, हात दुखायला लागला टाइप करून. आजवा तलावाचं पाणी सोडल्याची बातमी आली की होडीत हवा भरा, विश्वामित्रीवरच्या काळाघोडा पुलापाशी २६ फुटांला धोक्याची पातळी असते, त्याच्या आधी सगळं खाली आणून ठेवायचं, २०२४ ला पाणी त्याच्याही कितीतरी वर गेलं होतं. वल्ही होडीतच बांधलेली पाहिजेत, मोटर असली तरी. आधी आजारी, मग म्हातारे, मग बाकीचे, तापवाला पेशंट असेल तर त्याला एकट्याला वेगळी फेरी, वारा ज्या बाजूला जातोय त्या बाजूला बसवा. हात बाहेर लोंबकळत ठेवायचे नाहीत. विजेच्या खांबांपासून लांब.

पाणी उतरलं की गोड्या पाण्याने धुवा, वाळवा, आणि ते पेट्रोलचं वर तीनदा लिहिलंय.

पावत्या माझ्याकडच्या फाइलमध्ये आहेत, कुणीतरी घेऊन जा. डाव्या वल्ह्याची कडी ढिली आहे, तिला दहा नंबरचा पाना लागतो.