शाळेच्या शेवटच्या वर्षाआधी इंग्लिश वाचन कसं सुधारायचं

शेवटच्या वर्षाला अजून वेळ आहे म्हणून बरेच जण इंग्लिश तसंच पुढे ढकलत राहतात, आणि मग ते वर्ष सुरू झालं की कळतं प्रश्न फक्त इंग्लिशच्या पेपरचा नव्हताच, बाकीच्या विषयांची रेफरन्सची पुस्तकं, नेटवरची माहिती, पुढच्या कोर्सची माहितीपत्रकं सगळं इंग्लिशमध्ये आहे आणि एक पान वाचायला वीस मिनिटं लागतायत. म्हणून हे काम आधीच्या वर्षातच उरकायचं. नऊ-दहा महिने मिळाले तर उत्तम, सहा मिळाले तरी बराच फरक पडतो, आणि दोनच उरले असतील तर खालच्यातल्या पहिल्या तीन पायऱ्या धरा, बाकीच्या सोडा.

माझं म्हणणं एवढंच आहे की भरपूर सोपं वाचायचं आणि थोडंसंच अवघड वाचायचं, पण ते अवघड अगदी कीस काढून. बहुतेक मुलं नेमकं उलटं करतात, सगळंच अवघड घेतात आणि तेही अर्धवट वाचतात. मीही तेच केलंय, त्यामुळे हे नावं ठेवायला म्हणत नाहीये.

पायरी १ : आपण कुठे आहोत ते आधी बघा

जे पुस्तक वाचायचा विचार आहे त्याचं मधलंच एखादं पान उघडा. पहिलं पान नको, ते बऱ्याचदा बाकीच्यापेक्षा वेगळं असतं. शंभर शब्द मोजा आणि अडलेल्या शब्दांखाली पेन्सिलने टिंब द्या, माणसांची आणि गावांची नावं त्यात धरायची नाहीत. २००० साली हू आणि नेशन या दोन अभ्यासकांनी एक प्रयोग केला होता, एकाच गोष्टीतले थोडे-थोडे शब्द काढून त्या जागी अर्थ नसलेले खोटे शब्द घातले आणि इंग्लिश शिकणाऱ्यांना ती वाचायला दिली. शंभरातले ऐंशी शब्द ओळखीचे होते तिथे कुणालाच गोष्ट नीट समजली नाही, पंचाण्णव ओळखीचे असतानाही बहुतेकांची दांडी उडाली, आणि त्यावरून त्यांनी अंदाज काढला की बहुतेकांना धडपणे कळायला शंभरातले अठ्ठ्याण्णव तरी ओळखीचे लागतात.

म्हणजे हिशोब असा की शंभरात दोन किंवा कमी अडले तर ते पुस्तक एकट्याने मजेत वाचायचं, तीन ते पाच अडले तर डिक्शनरी जवळ ठेवून, आणि पाचच्या वर गेले तर पुस्तक कितीही भारी असू दे, कपाटात. फेकू नका, शेवटी ते लागणार आहे.

वेगही एकदा मोजून ठेवा. दोन मिनिटांचा टायमर, नेहमीच्या चालीने वाचन, मग शब्द मोजून दोनने भागायचं. २०१९ साली १९० अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा आहे, इंग्लिश वाचणारा मोठा माणूस मनातल्या मनात साधारण मिनिटाला २३८ शब्द माहितीपर मजकूर वाचतो आणि गोष्टीचं पुस्तक असेल तर २६०. आपला आकडा ८० किंवा १०० आला तर घाबरायचं काहीच कारण नाही, समजून उमजून १५० पर्यंत आलं की शाळेचं काम आरामात निघतं. मिनिटाला हजार शब्द वाचायला शिकवणारे कोर्स असतात त्यांच्या नादी लागू नका, २०१६ मध्ये वाचनावर काम करणाऱ्या संशोधकांनी या दाव्यांचा आढावा घेतला होता आणि निष्कर्ष हाच की वेग एकदम वाढवला की समजणं कमी होतं, फुकटात काही मिळत नाही.

पायरी २ : रोज वीस मिनिटं सोपं वाचन

इथेच सगळ्यांचा इगो आडवा येतो. एवढ्या मोठ्या वर्गात आलो आणि लहान मुलांसारखी पुस्तकं वाचायची का? तर हो. मात्र लहान मुलांचीच पाहिजेत असं नाही, ग्रेडेड रीडर नावाचा प्रकार असतो, विषय मोठ्यांचे पण शब्द मोजून वापरलेले. ऑक्सफर्ड बुकवर्म्स या मालिकेत पहिल्या पायरीला साधारण ४०० मूळ शब्द आणि सहाव्या पायरीला २५००. लायब्ररीत अशा मालिका असतात, नसतील तर सिंपल इंग्लिश विकिपीडिया आहे, तो २००१ पासून चालू आहे आणि तिथे मुद्दाम सोप्या वाक्यांत लेख लिहितात, क्रिकेट, ज्वालामुखी, ब्लॅक होल, जे आवडेल ते. आवडीचा विषय घ्या ही गोष्ट साधी वाटते पण फार महत्त्वाची आहे, ज्याला फुटबॉलची सगळी माहिती आहे त्याला फुटबॉलवरच्या लेखातले निम्मे शब्द अंदाजानेच लागतात. एक सावधगिरी मात्र घ्या, प्रोजेक्ट गुटेनबर्गवर हजारो पुस्तकं फुकट आहेत म्हणून लगेच तिकडे धावू नका, तिथली बहुतेक पुस्तकं शंभर वर्षांपेक्षा जुनी आहेत आणि त्यातली वाक्यं लांबच लांब, तो पुढचा टप्पा झाला.

हिशोब करून बघा, मिनिटाला १०० शब्दांनी वीस मिनिटं म्हणजे रोजचे २००० शब्द, सहा महिन्यांत ३ लाख ६० हजार. एवढे शब्द डोळ्यांखालून गेल्यावर नेहमीचे शब्द ओळखायला डोकं थांबतच नाही, आणि खरा वेग तिथूनच येतो.

या वीस मिनिटांत डिक्शनरी हातात घ्यायची नाही. अडला शब्द, अंदाज लावा, पुढे चला, तोच शब्द चार वेळा आला आणि गोष्ट अडायलाच लागली तरच बघा. आणि शब्दाच्या डोक्यावर मराठी अर्थ लिहायचा नाही म्हणजे नाहीच! मी दोन वर्षं हेच करायचे, धडा पेन्सिलने गच्च भरलेला असायचा आणि बघणाऱ्याला वाटायचं काय अभ्यास करते मुलगी, पण परत वाचताना माझे डोळे फक्त वरचं मराठी वाचायचे, खालचं इंग्लिश तसंच कोरं राहायचं. परीक्षेत तोच उतारा पेन्सिलशिवाय समोर आला तेव्हा माझा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

पायरी ३ : आठवड्यातून दोनदा एक अवघड परिच्छेद

एकच परिच्छेद, सात-आठ ओळींचा, अर्धा तास. वर्तमानपत्राचा अग्रलेख चालेल, विज्ञानावरचा लेख चालेल, पुढच्या वर्षाचं पुस्तक मिळालं तर सोन्याहून पिवळं.

आपल्याला इंग्लिश अवघड जातं त्याचं मोठं कारण मला तरी शब्द वाटत नाहीत, वाक्याची बांधणी वाटते. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे आपण सगळं ऐकून घेतो, साठवतो आणि शेवटी कोण काय करतंय ते कळतं. इंग्लिशमध्ये कर्ता झाला की लगेच क्रियापद यायला पाहिजे, पण लिहिणारा मध्येच काहीतरी घुसवतो आणि आपली गाडी तिथे रुळावरून घसरते. हे बघा : ‘द ओल्ड ब्रिज दॅट द फ्लड डॅमेज्ड लास्ट इयर हॅज नॉट बीन रिपेअर्ड.’ माझ्या भाचीने याचा अर्थ सांगितला की जुन्या पुलाने पुराचं नुकसान केलं. हसू आलं मला, पण चूक कशी झाली ते बघितलं तर सरळ आहे, तिला पहिलं क्रियापद डॅमेज्ड दिसलं आणि पहिलं नाम ब्रिज, दोघांची जोडी लावून ती मोकळी झाली. आपण मराठीत म्हणू, गेल्या वर्षी पुराने ज्याचं नुकसान केलं तो जुना पूल अजून दुरुस्त झालेला नाही. आपलं ‘ज्याचं’ आधी येतं आणि ‘तो पूल’ नंतर, इंग्लिशमध्ये पूल आधी आणि त्याची हकिगत मागून.

म्हणून लांब वाक्य आलं की असं करा. आधी सगळी क्रियापदं शोधून त्यांच्याखाली रेघ मारा. मग प्रत्येकाला विचारा, हे कुणी केलं? दॅट, विच, हू यांच्यापासून सुरू होणारा तुकडा कंसात टाका आणि कंस सोडून उरलेलं वाचा : द ओल्ड ब्रिज हॅज नॉट बीन रिपेअर्ड. झालं, हा सांगाडा. आता कंसातलं परत आत आणा. पहिले दहा-बारा परिच्छेद हे फार किचकट वाटेल, नंतर डोळ्यांना आपोआप कंस दिसायला लागतात.

मग इट, धिस, दे असे शब्द आले की थांबून बघा ते नेमकं कुणाबद्दल बोलतायत, बाण काढा हवं तर. धिस बऱ्याचदा एका शब्दाबद्दल नसतं, मागच्या अख्ख्या वाक्याबद्दल असतं, आणि परीक्षेत प्रश्न हमखास तिथेच येतो.

तिसरी गोष्ट म्हणजे वळणाचे शब्द. हाऊएव्हर, ऑल्दो, डिस्पाइट, व्हेअरॅज, अनलेस. हे दिसले की लेखक आता गाडी वळवणार हे ओळखायचं. ‘यू विल नॉट पास अनलेस यू प्रॅक्टिस’ यात नकार एकदाच दिसतो पण मराठीत दोनदा येतो, सराव केला नाही तर पास होणार नाही. तसंच ‘टू टायर्ड टू वॉक’, कुठेच नॉट नाही आणि तरी अर्थ नकाराचा, इतका दमलाय की चालवत नाही. आणि सगळ्यात छुपा रुस्तुम म्हणजे फ्यू. ‘अ फ्यू स्टुडंट्स केम’ म्हणजे काही मुलं आली, ‘फ्यू स्टुडंट्स केम’ म्हणजे फारशी कुणी आलीच नाहीत. एका अ-ने पूर्ण सूर बदलतो.

पायरी ४ : शब्द, पण बेतानेच

दिवसाला पाच, त्याहून जास्त नको, आणि फक्त आपल्या वाचनात भेटलेले. मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली रोजच्या वापरातल्या सुमारे २००० इंग्लिश शब्दांची यादी काढली होती, आणि २००० साली अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी अभ्यासाच्या पुस्तकांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या ५७० शब्दकुटुंबांची (एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेले शब्द म्हणजे एक कुटुंब) अकॅडमिक वर्ड लिस्ट तयार केली, अ‍ॅनलाइज, सिग्निफिकंट, कॉन्सिक्वेंट असले शब्द. पहिले दोन हजार पक्के नसतील तर दुसऱ्या यादीकडे वळू नका. याद्या पाठ करायला नाहीत हं, भेटलेला शब्द लिहून घेण्यालायक आहे का हे ठरवायला आहेत, कारण एखादा दुर्मिळ फॅन्सी शब्द वर्षभरात परत भेटतच नाही आणि आपण त्याच्यासाठी वही भरत बसतो.

वहीत नुसता शब्द आणि अर्थ लिहू नका, ज्या वाक्यात भेटला ते अख्खं वाक्य लिहा. कारण ओळखीचे शब्दच जास्त दगा देतात. फाइन म्हणजे छान हे सगळ्यांना माहीत, पण फाइन म्हणजे दंडसुद्धा. अ‍ॅड्रेस म्हणजे पत्ता, पण ‘अ‍ॅड्रेस द प्रॉब्लेम’ म्हणजे प्रश्नाला हात घालणं. सँक्शन तर कमालच आहे, त्याचा अर्थ मंजुरीही होतो आणि निर्बंधही. पुट ऑफ, पुट अप विथ, गिव्ह इन अशा जोड्या एकच शब्द समजून लिहायच्या, तुकडे करून अर्थ लागत नाही.

उजळणीला सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ मध्ये लोकप्रिय केलेली खोक्यांची पद्धत मस्त आहे. शब्द कार्डावर लिहायचा, आठवला तर कार्ड पुढच्या खोक्यात, नाही आठवला तर परत पहिल्यात. पहिलं खोकं रोज उघडायचं, दुसरं दोन-तीन दिवसांनी, तिसरं आठवड्याने. मोबाइलवर याची अ‍ॅप्स आहेत, पण मोबाइल हातात घेतला की वीस मिनिटं दुसरीकडेच जातात हे तुम्हालाही माहितीये.

पायरी ५ : पुस्तक मिटून सांगा

वाचून झालं की पुस्तक बंद करा आणि काय वाचलं ते तीन-चार वाक्यांत सांगा, घरात कुणी ऐकणारं नसेल तर भिंतीला. मराठीत सांगितलं तरी चालेल, आपण इथे समजलं का ते तपासतोय, बोलायची परीक्षा नाहीये. २००६ सालचा रोडिगर आणि कार्पिके यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे, काही जणांनी उतारा पुन्हा वाचला आणि काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने विचारल्यावर आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं. दुसऱ्यांदा वाचल्यावर जे ‘हां हां येतंय’ वाटतं ना, ते फसवं असतं.

परीक्षेचे उतारे

हे शेवटच्या दोन महिन्यांत, आधी नाही. उतारा एकदा सलग वाचा, मग प्रश्न, मग उत्तराची ओळ उताऱ्यात बोट ठेवून शोधा. पर्यायांत ऑलवेज, नेव्हर, ओन्ली आलं की जरा संशय घ्या, उताऱ्यात लेखक बहुतेक वेळा एवढं ठाम बोललेला नसतो. बस.

अधूनमधून मोजत राहा

चार आठवड्यांनी एकदा पहिल्या पायरीवरचं मोजमाप परत करा, वेग आणि अडलेले शब्द दोन्ही, तारीख घालून. मधले काही दिवस चुकणारच, चुकले की दुसऱ्या दिवशी चाळीस मिनिटं करून भरपाई करत बसू नका, वीसच करा आणि पुढे चला. पहिल्या महिन्यात आकडा हलत नाही असं खूप जणांचं होतं, त्याने वैतागून पुस्तक अवघड करू नका, त्यापेक्षा अजून एक पायरी सोपं घ्या.

आणि ते कपाटात ठेवलेलं पुस्तक आठवतंय का? तीन महिन्यांनी काढा, तेच पान, टिंबं खोडा आणि परत शंभर शब्द मोजा. अडलेले पाचच्या आत आले असतील तर पहिल्या प्रकरणापासून सुरू करा. नसतील आले तर परत कपाटात, पुढच्या महिन्यात पुन्हा मोजू.