अमेरिकन फुटबॉल पहिल्यांदा बघताय? आधी ‘चार प्रयत्न, दहा यार्ड’ समजून घ्या

पहिल्यांदा बघताना हा खेळ तुटक वाटतो. पाच-सहा सेकंद झटापट, मग सगळे थांबतात, घोळका करून कुजबुजतात, पुन्हा झटापट. कबड्डीत जशी एकेक चढाई सुटी असते, तसा इथे एकेक डाव सुटा असतो. मुळात हा जमीन जिंकण्याचा खेळ आहे, हे मनात पक्कं करा.

आधी मैदान बघा. लांबी १०० यार्ड, म्हणजे साधारण ९१ मीटर. दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचे पट्टे, त्यांना एंड झोन म्हणतात. एका वेळी प्रत्येक संघाचे ११ खेळाडू मैदानात असतात. १५ मिनिटांचे चार क्वार्टर.

मग हिशेब शिका. सगळा खेळ यातच आहे. चेंडू ज्याच्याकडे आहे, त्या संघाला दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. एका प्रयत्नाला ‘डाउन’ म्हणतात. दहा यार्ड झाले की पुन्हा नवे चार. पडद्यावरच्या ‘थर्ड अँड सेव्हन’चा अर्थ, तिसरा प्रयत्न, अजून सात यार्ड हवेत. टीव्हीवर दिसणारी पिवळी रेघ तिथवरच पोचायचं असं सांगते. मैदानावर ती नसतेच. गोलरेषाच दहा यार्डांच्या आत आली, तर आकड्याऐवजी ‘गोल’ म्हणतात.

तीन प्रयत्नांत जमलं नाही, तर चौथ्याला बहुतेक संघ चेंडू लांब लाथाडून देतात (पंट), म्हणजे समोरच्याला मागून सुरुवात करावी लागते. गोलचे खांब जवळ असतील तर चेंडू लाथेने त्यांच्यामधून मारतात (फील्ड गोल). धाडस करून चौथा प्रयत्न खेळला आणि फसला, तर चेंडू तिथेच समोरच्याला मिळतो. मला हा क्षण सगळ्यात आवडतो.

आता क्वार्टरबॅकवर नजर ठेवा. चेंडू आधी त्याच्या हाती येतो. तो धावणाऱ्याला देतो, स्वतः पळतो किंवा पुढे फेकतो. चेंडूवाल्याला जिथे पाडलं, तिथून पुढचा डाव. फेकलेला चेंडू कुणी झेलला नाही, तर प्रयत्न वाया जातो, जागा तीच राहते आणि घड्याळ थांबतं. प्रतिस्पर्ध्याने झेलला तर ते इंटरसेप्शन, चेंडू त्यांचा.

गुण: टचडाउन (चेंडू समोरच्याच्या एंड झोनमध्ये नेणं किंवा तिथे झेलणं) ६, त्यानंतरची किक १ (किंवा जवळून पुन्हा एंड झोन गाठला तर २), फील्ड गोल ३, सेफ्टी (चेंडूवाल्याला त्याच्याच एंड झोनमध्ये पाडणं) २. पिवळं फडकं पडलं की फाउल; बहुतेकदा पाच, दहा किंवा पंधरा यार्डांची शिक्षा.

शेवटी एक डाव नीट बघा. १ फेब्रुवारी २०१५चा सुपर बोल, म्हणजे अमेरिकेतल्या एनएफएल लीगचा अंतिम सामना. न्यू इंग्लंड पेट्रियट्स २८, सिॲटल सीहॉक्स २४. सिॲटल गोलरेषेपासून एक यार्डावर, ‘सेकंड अँड गोल’, २६ सेकंद, एकच टाइमआउट (घड्याळ थांबवायची मुभा) शिल्लक. मार्शॉन लिंचसारखा दणकट धावणारा हाताशी असताना सिॲटलच्या क्वार्टरबॅक रसेल विल्सनने चेंडू फेकला आणि पेट्रियट्सच्या माल्कम बटलरने तो मध्येच झेलला. सामना तिथेच गेला. लोक अजून विचारतात, लिंचला चेंडू का दिला नाही? त्या डावाचा व्हिडिओ लावा, आणि चेंडू सुटण्याआधी थांबवून घड्याळ बघा: फेक नुसती हुकली असती, तर घड्याळ आपोआप थांबलं असतं, टाइमआउट वाचला असता आणि आणखी दोन प्रयत्न हातात राहिले असते.