कुमुदिनीला शेणखत घालू नका

आमच्या देवरुखच्या घरामागे चिऱ्याचं एक तळं आहे. सहा फूट लांब, चार फूट रुंद, दोन फूट खोल. तळं म्हणणं जरा जास्तच, पण आम्ही म्हणतो. येणारा प्रत्येक पाहुणा "कमळं छान आलीत हो" म्हणतो आणि मी प्रत्येकाला सांगते, ही कमळं नव्हेत, कुमुदिनी. पान पाण्यावर सपाट पसरलेलं आणि देठापर्यंत चीर गेलेली, तर कुमुदिनी. कमळाचं पान अखंड गोल, त्याला चीर नसते. मोठं झालं की ते पाण्याच्या वर उठतं आणि अळवासारखं पाणी अंगाला लावून घेत नाही. रोपं घेताना हे बघूनच घ्या, कारण कमळाला जागा फार लागते.

तळं नवीन सिमेंटचं असेल तर आधी दम धरा. गवंडी गेला त्याच आठवड्यात मी गप्पी मासे सोडले. दुसऱ्या दिवशी सगळे उताणे. नव्या सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो, तो त्यांना सोसत नाही. पाणी भरायचं, चार-पाच दिवस ठेवायचं, उपसून टाकायचं. असं तीन-चारदा केल्यावरच मी पुढच्या कामाला लागले.

आता माती. माझी खरी फजिती इथे झाली. उभा जन्म गुलाब-अबोलीला शेणखत घालण्यात गेलेला, तेव्हा इथेही अर्धी माती, अर्धं खत. आठ दिवसांत पाणी हिरवंगार, आणि वास असा की शेजारच्या काकू विचारायला आल्या, "गोठा धुवायचा राहिला काय गो?" खत पाण्यात विरघळतं, वर तरंगतं, आणि ते खाऊन शेवाळ माजतं. कोकोपीटही नको, तेही तरंगतं. आमच्या परड्यातली तांबडी माती भुरभुरीत, तीही कामाची नाही. लागते ती मळ्यातली, भाताच्या खाचरातली चिकण माती. ओला गोळा तळहातावर वळून बघा. वातीसारखा लांब वळला आणि तुटला नाही, तर माती चांगली.

कुंडीऐवजी मी प्लॅस्टिकचं घमेलं वापरते. या झाडाची मुळं खोल जाण्यापेक्षा पसरतात, त्यामुळे रुंद आणि उथळ भांडंच बरं. भोकं पाडायची नाहीत. कंद आल्यासारखा आडवा असेल तर तो घमेल्याच्या कडेला तिरका लावायचा, कोंब मधल्या बाजूला. गोटीसारखा गोल असेल तर मधोमध उभा. दोन्हीत कोंब मातीच्या वर दिसला पाहिजे, पुरला की कुजलाच. वर बोटभर जाड वाळू पसरा, नाहीतर मासे माती उकरून पाणी गढूळ करतात. मग घमेलं तिरकं धरून हळूहळू पाण्यात सोडायचं.

थेट तळाशी मात्र नाही. मी खाली विटा रचते, कोंबावर चार-सहा इंच पाणी राहील इतक्या. पानं वर आली की दर आठवड्याला एकेक वीट काढायची. शेवटी फूट-दीड फूट पाणी पुरे. ऊन पाच-सहा तास हवंच. भाच्याला मधोमध कारंजं हवं होतं, नाही म्हटलं. पानांवर सतत पाणी उडालेलं या झाडाला खपत नाही.

पहिला महिनाभर पाणी हिरवं दिसेल. बदलू नका. आमचे हे रोज बादली घेऊन उभे राहायचे, मी रोज परत पाठवायचे. पानांनी अर्ध्याहून जास्त तळं झाकलं की सावलीने शेवाळ आपोआप हटतं. खत द्यायचं ते फेब्रुवारी ते मे, महिन्यातून एकदा: चमचाभर रासायनिक खत वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळायचं आणि कोंबापासून लांब, मातीत खोल खुपसायचं. पावसाळ्यात काही नाही. पिवळी पानं मुळाशी कापा. मावा पडला तर पाण्याच्या फवाऱ्याने धुवून काढा, मासे खाऊन टाकतात. साबणाचं पाणी किंवा औषध मारलंत तर मासेच मरतील, मग डासांच्या अळ्या खायला कोणी उरणार नाही.

गप्पी आरोग्य केंद्रातून मिळतात, पण ते पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, जाऊ देऊ नका. तिथल्या माशांच्या मुळावर येतात. आमच्याकडच्या पावसात तळं हमखास भरून वाहतं, म्हणून काठाखाली एक पाइप ठेवून त्याला जाळी बांधली आहे.

निळी कुमुदिनी सकाळी उमलते, दुपारनंतर मिटते. एक फूल तीन-चार दिवस असंच उघडमीट करतं आणि मग पाण्याखाली जातं. तांबडी मात्र माझ्याकडे वर्षभर नुसत्या कळ्या दाखवत होती. दुपारी जेवणं आटोपून बघायला जावं, तर मिटलेल्या. टाकून द्यायच्या बेतात होते. एका रात्री वीज गेली, दाराची कडी बघायला बॅटरी घेऊन मागे गेले, तर चार फुलं सताड उघडी! ही जात संध्याकाळनंतर फुलते आणि सकाळी ऊन चढलं की मिटते. कुमुद चंद्राला बघून फुलतं हे शाळेत घोकलं होतं, पण ते आपल्या परसात घडेल असं वाटलं नव्हतं. तिचं घमेलं आता मागच्या पडवीच्या बाजूला सरकवलंय. जेवून हात धुवायला गेलं की दिसते.