कॅप्टन आणि नव्या थर्ड ऑफिसरची पहिली भेट लिहिताय? या चुका टाळा

मर्चंट नेव्हीवरच्या कथांमध्ये हा सीन हमखास असतो आणि बऱ्याचदा तिथेच गंडतो.

आधी तो सॅल्यूट काढा. व्यापारी जहाजावर टाच आपटून सॅल्यूट वगैरे कोणी ठोकत नाही हो, "गुड आफ्टरनून सर" म्हटलं की झालं. नौदलाची कथा असेल तर गोष्ट वेगळी, पण मग रँक नीट बघा, आर्मीतला कॅप्टन म्हणजे नौदलातला लेफ्टनंट, आणि नौदलातला कॅप्टन थेट कर्नलच्या बरोबरीचा, यात भलेभले घोळ घालतात.

दुसरं म्हणजे ब्रिजवर (जहाज जिथून चालवतात ती जागा) सूर्यास्त बघत भाषण देणारा कॅप्टन. अहो, पोरगा जॉइन होतो तेव्हा जहाज बहुतेक वेळा पोर्टमध्ये असतं, कार्गो चालू, एजंट कागद घेऊन बसलेला, फोन वाजतोय, आणि त्या गडबडीत कॅप्टन मान वर न करता म्हणतो, "पासपोर्ट, सीडीसी, सीओसी ठेव इथे. झोप झालीय का?" (सीडीसी म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक, सीओसी म्हणजे ऑफिसरच्या पात्रतेचं सर्टिफिकेट.) हा शेवटचा प्रश्न मायेपोटी नसतो, २४ तासांत किमान १० तास विश्रांती हा नियम आहे आणि रात्रभर फ्लाइटमध्ये बसून आलेल्याला लगेच वॉचवर (ड्यूटीच्या पाळीवर) उभं केलं तर नंतर उत्तर कॅप्टनलाच द्यावं लागतं.

सीन सपाट वाटतोय? मग कॅप्टनला नक्की काय जाणून घ्यायचंय ते तुम्ही ठरवलेलं नाही. त्याला गाव, घराणं, स्वप्नं यात फारसा रस नसतो (मराठी निघाला तर "कुठला रे तू?" एवढं होईल), त्याला बघायचं असतं की हा ब्रिजवर एकटा असताना मी खाली निवांत झोपू शकतो का. थर्ड मेटला (म्हणजे थर्ड ऑफिसरलाच) ८ ते १२ चा वॉच देतात त्याचं कारणही हेच, सकाळ-संध्याकाळ त्या वेळात कॅप्टन जागा असतो. मग प्रश्न तसेच येऊ द्या, आधीचं जहाज कुठलं, एक्डिस (इलेक्ट्रॉनिक नकाशाची यंत्रणा) कुठल्या मेकचं वापरलंस, वगैरे.

सगळ्यात भारी मसाला स्टँडिंग ऑर्डर्समध्ये (कॅप्टनच्या कायमच्या लेखी सूचना) आहे आणि तो कोणी वापरतच नाही. प्रत्येक नव्या ऑफिसरला त्या वाचून सही करावी लागते. तुमचा हिरो घाईत न वाचताच सही करतो, कॅप्टन फाइल बंद करून शांतपणे विचारतो, "समोरचं जहाज किती मैलांवरून जाणार असेल तर मला बोलवायचं?" आता दोघांचे स्वभाव आपोआप बाहेर येतात, ओरडाआरडा लागत नाही.

आणि घरी जायला निघालेल्या जुन्या थर्ड मेटला विसरू नका, हँडओव्हर तोच देणार. लाइफबोट, फायर एक्स्टिंग्विशर दाखवता दाखवता तो कॅप्टनबद्दल जे पुटपुटेल ते तुमच्या दोन पानी वर्णनापेक्षा जास्त सांगून जाईल.