कमी धावलेली जुनी आलिशान मोटार घेताना

ओडोमीटरवरचा लहान आकडा पाहून भुलण्यापूर्वी त्याला सर्व्हिसच्या नोंदी, जुन्या पावत्या आणि पेडलच्या रबराची झीज यांचा दुजोरा मिळतो का, हे तपासावे. टायरच्या बाजूवरील चार अंकी सांकेतिक क्रमांकही बोलका असतो. ‘2309’ म्हणजे टायर 2009 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला.

मात्र आकडा खरा निघाला तरी निश्चिंत होऊ नये, कारण वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत रबरी सील कडक होतात, ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, पेट्रोलचा चिकट थर इंधनप्रणालीत साचतो आणि टाकी आतून गंजते. 1990 च्या दशकाच्या पूर्वार्धातील काही मर्सिडीज-बेंझ गाड्यांमध्ये तर इंजिनच्या वायरिंगचे आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन गळून पडते. अशी गाडी घ्यायची असल्यास वायरिंग बदलल्याची पावती आवर्जून मागावी. माझ्या मते, थोडी जास्त धावलेली पण नियमित देखभाल झालेली गाडी अधिक भरवशाची ठरते.

खरेदीनंतर सर्व द्रवपदार्थ, पट्टे आणि होज (रबरी नळ्या) बदलावेत, मग दर पंधरवड्याला इंजिन पूर्ण तापेपर्यंत गाडी चालवावी. जागेवरच पाच मिनिटे सुरू ठेवल्याने एग्झॉस्टमध्ये पाणी साचते.