पंचायत समितीत जीआयएस शिकवायला निघालात?

भूगोलात एम.ए. किंवा एम.एस्सी. करून वर जीआयएसचा, म्हणजे संगणकावर नकाशाला माहिती जोडून काम करण्याच्या तंत्राचा, डिप्लोमा घेतलेली बरीच मुलंमुली हल्ली मराठवाड्यात प्रशिक्षक म्हणून कामाला लागतात. कोणी प्रकल्पाच्या कंत्राटावर असतं, कोणी एखाद्या संस्थेमार्फत. तालुक्याच्या गावी जायचं आणि ग्रामसेवक, शाखा अभियंते, कृषी सहायक, नगरपरिषदेचे कर्मचारी यांना नकाशावर काम करायला शिकवायचं. मी काही वर्षं हेच करतोय. नव्यानं येणाऱ्यांना फोनवर जे सांगत बसतो, ते एकदा लिहून काढतो.

प्रशिक्षणाचं पत्र निघतं ग्रामसेवकांच्या नावे आणि वर्गात निम्म्याहून जास्त बसलेले असतात ग्रामपंचायतीचे संगणक परिचालक. त्यावरून तोंड वाकडं करू नका. गावाची माहिती प्रत्यक्षात तेच भरतात, आणि माउस त्यांच्याच हाताला सरावलेला असतो. बाकी, २०२४ पासून ग्रामसेवक ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झाले आणि तलाठी ‘ग्राम महसूल अधिकारी’. हजेरीपटावर नवं पदनाम लिहा, बोलताना ‘भाऊसाहेब’च म्हणा.

पहिल्या सत्रात रास्टर-व्हेक्टरच्या (नकाशाची माहिती साठवायचे दोन प्रकार) स्लाइड दाखवल्या की जेवणानंतर खुर्च्या रिकाम्या दिसतात. एका तालुक्यात मागच्या रांगेतून एक भाऊसाहेब म्हणाले, “सर, हे करून टँकरचा प्रस्ताव लवकर मंजूर होतोय का, तेवढं सांगा.” खोचक वाटला तरी प्रश्न बरोबर होता. त्यांच्या टेबलावर रोज जो कागद येतो, त्याला नकाशाची मदत होणार नसेल तर त्यांनी का शिकावं?

म्हणून सुरुवात विहिरींपासून करा. रोहयोतून सिंचन विहीर द्यायची तर ती सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नको, हे प्रत्येक ग्रामसेवकाला पाठ असतं. अंतर मात्र बहुतेक वेळा अंदाजाने लिहिलं जातं. वर्गातल्याच एका गावाची पाणीपुरवठ्याची विहीर क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाका, तिच्याभोवती ५०० मीटरचा बफर, म्हणजे तेवढ्या अंतराचं वर्तुळ, काढा आणि त्याच गावातले मागणी अर्ज त्यावर ठेवा. दोन-तीन अर्ज आत पडतात, आणि मग त्या शेतकऱ्यांची नावं घेऊन जी कुजबुज सुरू होते, तिथे खरं प्रशिक्षण सुरू झालं असं समजा. क्यूजीआयएस फुकट आहे, त्यामुळे लायसन्ससाठी कोणापुढे टिपण ठेवावं लागत नाही. सरकारी कचेरीत ही बाब छोटी नाही.

याच बफरवर पहिली ठेच लागते. थर (नकाशावरचा माहितीचा लेअर) मीटरऐवजी अंशात असतो, माणूस ५०० लिहितो आणि वर्तुळ सगळ्या पृथ्वीवर पसरतं. तो हसला की लगेच प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मीटरमध्ये मांडायची पद्धत, शिकवा. त्या क्षणाआधी शिकवलेलं डोक्यावरून जातं. यूटीएम या प्रोजेक्शनमध्ये पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे झोन पाडलेत. मराठवाडा जवळजवळ सगळा त्याच्या ४३ उत्तर झोनमध्ये बसतो, क्यूजीआयएसमधला कोड ३२६४३. अपवाद किनवटकडचा. ७८ अंश रेखांशाला झोन बदलतो आणि किनवट शहर त्याच्या पूर्वेला आहे. तिथे हातातलं जीपीएस यंत्र आपोआप ४४ झोनचे आकडे देतं. कोणी ते ४३ समजून भरले की विहीर बरोबर सहा अंश पश्चिमेला सरकते आणि पालघरसमोर अरबी समुद्रात जाऊन पडते. नांदेड जिल्ह्यात शिकवणार असाल तर हे आधी करून बघा. अक्षांश-रेखांशाची अदलाबदल तर सगळीकडेच होते. आपले अक्षांश साधारण १८ ते २० आणि रेखांश ७५ ते ७८. उलटे भरले की परभणीचा हातपंप उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्डजवळ निघतो. एक्समध्ये रेखांश, वायमध्ये अक्षांश, हे फळ्यावर लिहून ठेवा आणि शेवटपर्यंत पुसू नका.

आकडे येतात मोबाइलवरून. जिओटॅगिंग, म्हणजे फोटोला ठिकाणाची नोंद जोडणं, या मंडळींना नवं नाही. रोहयोच्या कामांचे फोटो, जलयुक्त शिवार, २०२१ पासून ई-पीक पाहणी, सगळीकडे ते झालं आहे. पण हे फोटो व्हॉट्सॲपवरून तुमच्याकडे आले तर आतली स्थानाची नोंद गळून पडलेली असते. जीपीएस कॅमेऱ्याच्या ॲपने फोटोवर छापलेले आकडे दिसतात, पण ते चित्राचा भाग. तक्त्यात हातानेच उतरवावे लागतात. त्यापेक्षा क्यूफील्ड हे मोबाइल ॲप शिकवा. क्यूजीआयएसमधलाच नकाशा मोबाइलवर घेता येतो आणि शिवारात रेंज नसली तरी नोंद होते.

आता नावांचा विषय. माझ्या मते या कामातला अर्धा वेळ इथे जातो, आणि जायलाच हवा. एका जिल्ह्यात वडगाव, बोरगाव, पिंपळगाव किती असतील याची गणती नको. त्यात खुर्द, बुद्रुक, तांडा, वाडी. कोणी ‘बु.’ लिहितं, कोणी ‘बुद्रुक’, कोणी इंग्रजी अक्षरांत तीन तऱ्हांनी. अंबाजोगाई की अंबेजोगाई यावर वर्गात एकमत होत नाही. जिल्ह्यांची नावं बदलली, पण जुन्या थरांत औरंगाबाद आणि उस्मानाबादच आहे. नावावरून तक्ता जोडायला जाल तर निम्मी गावं कोरी राहतील. जनगणनेचा सहा अंकी गावकोड किंवा स्थानिक शासन निर्देशिकेचा कोड, यांपैकी एक धरा आणि तोच सगळ्या रजिस्टरांत चढवून घ्या. तरी एक्सेल घोटाळा करतंच: एका तक्त्यात कोड अंक म्हणून असतो, दुसऱ्यात मजकूर म्हणून, दिसायला दोन्ही सारखे, आणि जोड शून्य. परिचालकाला हे एकदा कळलं की तो तुमच्यापेक्षा पटकन दुरुस्त करतो.

जुन्या फायली श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फाँटमध्ये असतात. त्या आधी युनिकोडमध्ये आणा. आणि शेपफाइल या थर साठवायच्या जुन्या फाइल-प्रकाराला शक्यतो रजा द्या. तिच्यात रकान्याच्या नावाला दहाच बाइट मिळतात आणि देवनागरीचं एक अक्षर तीन बाइट खातं, काना-मात्रा वेगळी धरून. ‘लोकसंख्या’ लिहिलं की ‘लोक’वर तुटतं. शिवाय माणसं नुसती .एसएचपी फाइल पाठवतात, बाकीच्या जोडफायली घरी. जिओपॅकेज या दुसऱ्या प्रकारात एकच फाइल असते, तिची सवय लावा.

गाव नकाशावर नेमकं कुठे आहे, हाही प्रश्न इकडे सरळ नसतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं नव्या जागी वसवली. किल्लारीचं जुनं गावठाण एकीकडे, नवं दुसरीकडे. पैठणकडे नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयात, बुडालेल्या गावांची माणसं वेगळ्याच ठिकाणी राहतात. जुन्या टोपोशीटवरून (सर्व्हे ऑफ इंडियाचा छापील नकाशा) बिंदू उचललात तर टँकर ओसाड जागी पाठवाल. अशा गावातल्या कर्मचाऱ्यालाच उपग्रह चित्रावर नवी वस्ती दाखवायला सांगा. तो बोट ठेवतो, आणि घरातल्या चार गोष्टीही सांगतो. त्या ऐकून घ्या, वेळापत्रक थोडं मागे गेलं तरी चालेल.

एक गोष्ट मात्र कडक आवाजात सांगायची. शेताच्या गटाच्या सीमा उपग्रह चित्रावर चढवल्या की लगेच कोणीतरी विचारतो, “मग शेजाऱ्याने बांध कोरलाय का ते दिसंल की!” मोबाइलचा जीपीएस उघड्या रानात चार-पाच मीटर इकडेतिकडे असतो, झाडाखाली त्याहून जास्त. गावनकाशा स्कॅन करून बसवताना आणखी चूक भर घालते. बांधावरून डोकी फुटतात; हद्द ठरवण्याचं काम भूमी अभिलेखच्या मोजणीचं. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झाली ती गावठाणाची, शेतांची नाही. हा फरक कर्मचाऱ्यांनाही नेहमी माहीत नसतो. प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात ‘हद्द ठरवण्यासाठी वापरू नये’ ही ओळ टाकायला लावा. वर्गात कोणी प्रिंट मागितली तर तीही ओळीसकट द्या.

तारखा ठरवताना सरकारी वर्ष डोक्यात ठेवा. मार्च वसुली आणि खर्चाचा, एप्रिल ते जून टंचाईचा. सप्टेंबरात अतिवृष्टी झाली की सगळे पंचनाम्यांवर. ऑगस्टच्या ग्रामसभांच्या आठवड्यात कोणी येत नाही. नोव्हेंबर ते जानेवारी बरा काळ, निवडणूक लागली नाही तर. वीज जाते, नेट तर नसतंच, म्हणून सॉफ्टवेअर आणि तालुक्याचे थर पेनड्राइव्हवर न्या.

स्वतःच्या तयारीसाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमधले क्यूजीआयएसचे धडे आणि डेहराडूनच्या आयआयआरएस या इस्रोच्या संस्थेचे मोफत ऑनलाइन कोर्स पुरेसे आहेत. इस्रोचं भुवन हे नकाशांचं पोर्टल हाताळा. नागपूरच्या एमआरसॅक या राज्याच्या दूरसंवेदन केंद्राचे आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेचे पाणलोटाचे थर वाचायला शिका. पोकरा या राज्याच्या हवामान-अनुकूल शेतीच्या प्रकल्पात आयआयटी मुंबईने गावाचा पाण्याचा ताळेबंद क्यूजीआयएसमधून मांडला होता. त्याची पद्धत समजून घेतलीत तर कृषी सहायकांच्या वर्गात तुमचं वजन वाढेल.

पैशांचं बोलायचं तर मानधन उशिरा येतं, प्रवासखर्चाच्या पावत्या पहिल्या दिवसापासून जपा. करारात फक्त प्रशिक्षणाचे दिवस लिहिलेले असतात. त्यानंतर महिना-दोन महिने परिचालकांचे स्क्रीनशॉट रात्री साडेनऊला येत राहतात, आणि शिकणं खऱ्या अर्थाने तेव्हाच होतं. त्या पाठपुराव्याचे दिवस करारात वेगळे धरायला सांगा. सही करण्याआधी सांगा, नंतर कोणी ऐकत नाही.