कॅनडाचे प्रांत समजून घेताना या चुका टाळा

कॅनडात दहा प्रांत आणि तीन टेरिटरी, हे आता बहुतेकांना पाठ असतं. राजधान्यांची यादीही मोबाइलमध्ये असते. तरी दर वर्षी सप्टेंबरची सेमिस्टर तोंडावर आली की त्याच त्या चुका निस्तरायची वेळ कुणा ना कुणावर येते. याचं कारण मला एकच दिसतं. यादी पाठ झाली की देश कळला असं लोक धरून चालतात. दोन गावांमध्ये रस्ता आहे का, समुद्र आहे का, अंतर किती, हे कुणी बघतच नाही.

‘एकाच प्रांतात’ म्हणजे ‘जवळ’ समजणं

“तुम्ही ओंटारियोतच ना? आमचा मुलगाही तिथेच आहे. त्याला एवढी भाजणी आणि लोणचं पोचवाल का?” टोरंटोच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरांना हा फोन ओळखीचा आहे. आई-वडिलांच्या काळजीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण मुलगा असतो थंडर बेला, आणि टोरंटोहून थंडर बे रस्त्याने सुमारे १,४०० किलोमीटर आहे. मुंबईहून दिल्ली गाठण्याइतकं. तिथेही प्रांत संपत नाही. केनोरा आणखी जवळपास ५०० किलोमीटर पश्चिमेला आहे. तिथल्या लोकांना मोठ्या खरेदीसाठी टोरंटोपेक्षा शेजारच्या मॅनिटोबातलं विनिपेग कितीतरी सोयीचं पडतं, कारण ते दोनेकशे किलोमीटरवर आहे. केनोराच्या घड्याळातही विनिपेगचीच वेळ असते, टोरंटोची नाही.

ओंटारियोचं क्षेत्रफळ सुमारे १०.७६ लाख चौरस किलोमीटर आहे, महाराष्ट्राच्या साडेतीनपट. माणसं मात्र बहुतेक दक्षिणेच्या पट्ट्यात. उत्तरेला कॅनेडियन शील्डचा प्राचीन खडक, जंगल आणि असंख्य तळी. शेतीजोगी माती थोडी, म्हणून गावंही विरळ. लेक सुपीरियरच्या काठचा रस्ता देखणा आहे, पण निपिगॉन गावाजवळ त्याला पर्याय नाही. जानेवारी २०१६ मध्ये निपिगॉन नदीवरच्या नव्याकोऱ्या पुलाचा भाग थंडीत वर उचलला गेला आणि पूल बंद झाला. त्या ठिकाणी कॅनडाचा पूर्व-पश्चिम रस्ताच तुटला. गाड्यांना पलीकडे जायचं तर अमेरिकेतून वळसा घालण्यावाचून मार्ग नव्हता. हे ठाऊक असलेला माणूस डिसेंबरात ‘वीकेंडला जाऊन येऊ’ म्हणणार नाही.

माझी सवय अगदी साधी आहे. गावाचं नाव ऐकलं की मी प्रांत विचारत नाही, जवळचं मोठं शहर आणि तिथवरचे गाडीचे तास विचारते. उत्तर देणाऱ्याला तास सांगता आले नाहीत, तर त्याने नकाशा पाहिलेला नसतो.

दोन सेंट जॉन एकच धरणं

ही चूक माझ्या सगळ्यात डोक्यात जाते, कारण ती टाळायला अर्धा मिनिट पुरतो. न्यू ब्रन्सविक प्रांतात फंडीच्या उपसागरावर सेंट जॉन आहे. न्यूफाउंडलंड बेटाच्या पूर्व टोकाला सेंट जॉन्स आहे, आणि ते न्यूफाउंडलंड प्रांताच्या राजधानीचं शहर. दोहोंमध्ये हवाई अंतरच हजार किलोमीटरच्या घरात आणि वाटेत समुद्र.

आमच्या ओळखीतल्या एका मुलीला न्यू ब्रन्सविकमधल्या सेंट जॉनला प्रवेश मिळाला होता. तिकीट काढलं काकांनी, एजंटकडून, ‘स्वस्त मिळतंय, लगेच घेऊन टाका’ या घाईत. पुढचं सगळं त्याच तिकिटावरून ठरत गेलं. मुलगी रात्री उतरली ती सेंट जॉन्सला. न्यायला येणारा सीनियर दुसऱ्या प्रांतातल्या विमानतळावर उभा, आणि ही इथे टॅक्सीवाल्याला होस्टेलचा पत्ता दाखवतेय. त्या भल्या माणसानेच तिला सांगितलं की हा पत्ता या बेटावरचा नाही. तिने रडत फोन केला तेव्हा घरून पहिला प्रश्न आला, “बस मिळेल का?” बस कशी मिळणार? सेंट जॉन्सहून बेटाच्या दुसऱ्या टोकाला पोर्ट ओ बास्कला जायलाच सुमारे ९०० किलोमीटर, मग तासन्‌तास फेरीबोटीत बसून नोव्हा स्कोशियाचा किनारा, आणि तिथून पुन्हा न्यू ब्रन्सविकपर्यंतचा रस्ता. अखेर नवं तिकीट काढलं. दुसऱ्या दिवशी सेंट जॉन्सचं नेहमीचं दाट धुकं पडलं आणि तेही विमान सुटायला उशीर झाला. ओरिएंटेशन बुडालं, आणि तिकिटात वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट पैसे गेले.

उपाय? विमानतळाचा तीन अक्षरी कोड बघा. न्यू ब्रन्सविकचा वायएसजे, न्यूफाउंडलंडचा वायवायटी. शिवाय पत्त्यातला पोस्टल कोड बघा. न्यू ब्रन्सविकचा ‘ई’ने सुरू होतो, न्यूफाउंडलंडचा ‘ए’ने. वेबसाइटने सुचवलेलं पहिलं नाव निवडून पुढे जायचं नाही. ओंटारियोत लंडन आहे आणि नोव्हा स्कोशियात सिडनी; तिथेही हाच नियम पाळा. प्रवास करणाऱ्या मुलाने किंवा मुलीने तिकीट स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय पैसे भरू नका. काकांवर विश्वास असू द्या, पण तिकीट स्वतः वाचा.

नदीपलीकडे स्वस्त घर घेताना प्रांत विसरणं

ऑटवा ओंटारियोत आहे, आणि नदी ओलांडली की लागणारं गॅटिनो क्वेबेकात. पूल ओलांडायला काही मिनिटं लागतात, म्हणून भाडं कमी बघून लोक पलीकडे राहायला जातात. आयकराच्या दृष्टीने ३१ डिसेंबरला तुम्ही ज्या प्रांतात राहता तो तुमचा प्रांत. नोकरी ऑटवात असेल तर पगारातून कर ओंटारियोच्या हिशेबाने कापला जातो, आणि वर्षाअखेरीस क्वेबेकचा फरक एकदम भरावा लागतो. क्वेबेकच्या रहिवाशाला रिटर्नही दोन भरावे लागतात, एक केंद्राचं आणि एक प्रांताचं. गॅटिनोला राहू नका असं मी म्हणत नाही. गाव चांगलं आहे, फ्रेंच शिकायची तयारी असेल तर फारच चांगलं. पण बारा महिन्यांचा पूर्ण हिशेब मांडा. ‘भाड्यात इतके डॉलर वाचले’ एवढंच सांगणाऱ्या व्हिडिओवर घर ठरवू नका.

टेरिटरीला छोटा प्रांत समजणं

प्रांतांना अधिकार राज्यघटनेतून मिळालेले आहेत, टेरिटरींना संसदेच्या कायद्यातून. निवडून आलेली विधानसभा तिन्ही ठिकाणी आहे, मात्र नुनावुत आणि नॉर्थवेस्ट टेरिटरीजच्या विधानसभेत राजकीय पक्षच नसतात. नुनावुत १ एप्रिल १९९९ रोजी नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधून वेगळं झालं. क्षेत्रफळ सुमारे २०.९ लाख चौरस किलोमीटर, आणि २०२१ च्या जनगणनेत वस्ती सदतीस हजारांच्या आत. बाहेरून तिथे जाणारा एकही रस्ता नाही, गावंही एकमेकांना रस्त्याने जोडलेली नाहीत. माणसं विमानाने जातात, अवजड सामान उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर जहाजाने. म्हणूनच तिथे वाणसामान इतकं महाग असतं. ‘तिथे पगार जास्त’ एवढं ऐकून अर्ज करणाऱ्यांनी आधी नुनावुतची राजधानी इकालुइतमधल्या घरभाड्याची चौकशी करावी.

मोबाइलवरचा नेहमीचा नकाशा उत्तरेकडचा भाग फुगवून दाखवतो. ६० अक्षांशावर क्षेत्रफळ चौपट दिसतं. मी भिंतीवर कागदी नकाशा लावला आहे आणि अंतर त्यावरच्या मोजपट्टीने बघते.

बाकीच्या, थोडक्यात

सर्वांत मोठं शहर म्हणजे राजधानी, हे अनेक प्रांतांत खोटं ठरतं. क्वेबेकची राजधानी माँट्रियल नाही, क्वेबेक सिटी. अल्बर्टाची कॅल्गरी नाही, एडमंटन. ब्रिटिश कोलंबियाची व्हिक्टोरिया, आणि ती व्हँकुव्हर बेटावर आहे. व्हँकुव्हर शहर मात्र त्या बेटावर नाही.

मॅरिटाइम्स म्हणजे न्यू ब्रन्सविक, नोव्हा स्कोशिया आणि प्रिन्स एडवर्ड आयलंड. न्यूफाउंडलंड धरलं तर ‘अटलांटिक प्रांत’ म्हणा.

घरी फोन करायची वेळ ठरवताना टोरंटोचा हिशेब सगळीकडे लावू नका. न्यूफाउंडलंडचं घड्याळ अर्ध्या तासाच्या फरकाने चालतं, म्हणून भारताशी अंतर हिवाळ्यात बरोबर नऊ तास, उन्हाळ्यात आठ.

आणि त्या प्रांताचं पूर्ण नाव घ्या. २००१ पासून ते न्यूफाउंडलंड अँड लॅब्राडॉर आहे. लॅब्राडॉर मुख्य भूमीवर, क्वेबेकला लागून आहे, आणि क्षेत्रफळात बेटाच्या अडीचपटीहून मोठं आहे.